पित्त, सोडा आणि सावधपणा

काही वर्षांपूर्वीची एक पावसाळी सायंकाळ आम्ही कधी विसरणार नाही. धर्मग्रामाच्या सभेस जमलेली मंडळी चहा घेऊन पांगत होती. तंबाखूच्या वखारीत उभे आयुष्य दिवाणजी म्हणून घालविलेले एक प्रौढ गृहस्थ मात्र छाती चोळीत बाकावर बसून राहिले. काय झाले, असे आम्ही विचारता ते ओशाळे हसून म्हणाले, "काही नाही फादर. दुपारी लग्नाचं जेवण झालं, त्याचं पित्त उसळलंय. छातीत नुसतं जळतंय बघा." आमच्या टेबलाच्या खणात फ्रूट सॉल्टची पुडी नेहमीच असे. आम्ही ती पेलाभर पाण्यात फसफसवून त्यांच्या हाती दिली. दोन मोठे ढेकर आले, त्यांना हायसे वाटले, आणि "फादरांचं औषध लागू पडलं" असे म्हणून छत्री उघडून ते घरी गेले.

पहाटे तीनच्या सुमारास त्यांच्या मुलाचा फोन आला. रात्री जळजळ पुन्हा सुरू झाली, तेव्हा त्यांनी पुन्हा सोडा घेतला. मग अंगाला दरदरून घाम फुटला आणि डावा हात जड झाला. इस्पितळात हृदयाचा आलेख काढताच डॉक्टरांनी सांगितले की, हे पित्त नव्हे, हा हृदयविकाराचा झटका आहे, आणि तो बहुधा सायंकाळीच सुरू झाला असावा. देवाच्या कृपेने ते वाचले; परंतु हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झाला. "सायंकाळीच आणले असते तर—" एवढेच बोलून डॉक्टर थांबले. पुढचे वाक्य आम्ही मनातल्या मनात पुरे केले. पहिली पुडी आम्हीच दिली होती.

आम्ही वैद्य नव्हे, आणि वैद्यकी करण्याची आमची इच्छाही नाही. परंतु त्या पहाटेपासून या जळजळीविषयी आम्ही जाणत्या डॉक्टरांना प्रश्न विचारून पुष्कळ सतावले आणि जमेल तितके वाचले. बेळगाव-निपाणीच्या या टापूत असे घर विरळा, ज्याच्या फडताळात एखादी पित्ताची गोळी, पातळ औषधाची बाटली किंवा फसफसणारी पुडी नसेल. ती वस्तू केव्हा मित्र असते आणि केव्हा शत्रू होते, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावे, यास्तव हा लेखप्रपंच.

एक शब्द, अनेक दुखणी

आपल्या बोलीत 'पित्त' हा शब्द फार उदार आहे. छातीत जळले तर पित्त; अर्धे डोके ठणकून ओकारी आली तर पित्त; अंगावर गांधी उठल्या तर तेही पित्त; आणि बेंबीच्या वर कळ आली तरी पित्तच. वास्तविक अर्धे डोके दुखते ती बहुधा अर्धशिशी असते. गांधी पुष्कळदा अ‍ॅलर्जीमुळे उठतात. बेंबीच्या वरची कळ जठराच्या किंवा आतड्याच्या व्रणाची असू शकते, अथवा पित्ताशयातील खड्यांचीही. शरीरशास्त्रात पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा आणि स्निग्ध पदार्थ पचविण्यास साहाय्य करणारा हिरवट-पिवळा रस. छातीत जळते ते बहुतेक वेळा हे पित्त नसतेच. ते असते जठरातील आम्ल. आयुर्वेदात पित्ताची कल्पना याहून व्यापक आहे, हे आम्ही जाणतो, आणि तिच्याशी आमचे भांडण नाही. आमचे म्हणणे एवढेच की, एकाच नावाखाली इतकी दुखणी कोंबली म्हणजे औषधही एकच दिले जाते, आणि तेथेच घात होतो.

आमचे कन्नडभाषिक शेजारी या बाबतीत अधिक नेमके बोलतात. ते म्हणतात 'एदे उरि'. एदे म्हणजे छाती आणि उरि म्हणजे जळणे. काय होते आहे तेवढेच ते सांगतात. का होते आहे याचा निकाल आधीच देऊन टाकीत नाहीत. इंग्रज लोक याच दुखण्यास 'हार्टबर्न' म्हणजे हृदयाची आग म्हणतात, जरी हृदयाचा तिच्याशी संबंध नाही. प्राचीन ग्रीकांच्या भाषेत 'कार्डिया' हे नाव हृदयासही होते आणि जठराच्या वरच्या तोंडासही. दोन्ही शेजारी एकाच नावाचे! देहातही तसेच आहे. हृदयाकडून आणि अन्ननलिकेकडून वेदनेचा निरोप नेणाऱ्या मज्जातंतूंच्या वाटा एकमेकींत मिसळलेल्या आहेत, म्हणून निरोप कोणत्या घरून आला हे मेंदूला पुष्कळदा उमगत नाही. मग ते आम्हां पामरांस केवळ छाती चोळून कसे कळावे?

आग लागते कशी?

आपल्या गळ्यापासून जठरापर्यंत सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची अन्ननलिका असते. जठरात दररोज दीड ते दोन लिटर रस पाझरतो आणि त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल असते. अन्न पचविणे आणि अन्नाबरोबर आलेले जंतू मारणे हे त्याचे काम. जठराच्या आतील बाजूस बुळबुळीत श्लेष्म्याचे अस्तर असल्यामुळे ते स्वतः भाजत नाही. अन्ननलिकेस मात्र असे चिलखत नाही. म्हणून दोहोंच्या सांध्यावर स्नायूंचे एक कडे आहे. घास आला की ते उघडते आणि घास खाली गेला की मिटते. श्वासपटलाचा स्नायूही बाहेरून त्यास आधार देतो.

हे कडे सैल पडले, अवेळी उघडले किंवा खालून दाब फार वाढला की आम्ल वर उसळते. मग छातीच्या हाडामागे जळजळते, आंबट पाणी घशाशी येते, करपट ढेकर येतात. कोणास केवळ कोरडा खोकला येतो, तर कोणाचा आवाज सकाळी बसलेला असतो. क्वचित केव्हातरी असे होणे हे दुखणेच नव्हे. ते कोणासही होते. परंतु आठवड्यातून दोन वा अधिक वेळा होऊ लागले तर त्याची दखल घ्यावी, असे वैद्यकशास्त्र सांगते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. दोष नेहमी आम्ल 'वाढल्याचा' नसतो. पुष्कळदा आम्ल नेहमीइतकेच असते; ते नको त्या जागी आलेले असते. दुकानातील गोळी आम्ल कमी करते; कड्याची दुरुस्ती करीत नाही. ती दुरुस्ती, जितकी होणे शक्य आहे तितकी, आपल्या राहणीनेच होते.

आपल्या मुलखातील इंधन

आता या आगीस आपल्याकडे इंधन कोण घालतो ते पाहू. तेलातुपाचे जेवण जठरात अधिक वेळ राहते आणि कडेही सैल करते. संकेश्वरी मिरचीचा झणका सुजलेल्या अन्ननलिकेस झोंबतो. लग्नघरी पंगत दुपारी तीनला उठते. बेळगावचा कुंदा एका वाटीवर थांबत नाही. नाताळात सोरपोतेलाची चव दुसऱ्या दिवशी अधिक चांगली लागते म्हणून दुसऱ्या दिवशीही ताट भरते. यांपैकी कशाचीही आम्ही निंदा करीत नाही, कारण या पापात आमचाही वाटा आहे. परंतु रात्री दहाला भरपेट जेवून साडेदहाला आडवे होणे, ही सवय मिरचीहूनही वाईट. मनुष्य उभा असतो तोवर आम्लास खाली राहण्यास पृथ्वीचे आकर्षण साहाय्य करते. आडवा झाला की ते साहाय्य संपले. वाढलेले पोट, घट्ट बांधलेला कमरपट्टा आणि गर्भारपण यांनीही जठरावर खालून दाब येतो.

आमचे काही मित्र, पौलाने तिमथ्यास पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला होता, याचे मोठ्या भाविकपणे स्मरण देतात. त्यांस आमचे नम्र उत्तर असे की, तिमथ्याचे दुखणे कोणते होते हे पौलाने लिहिलेले नाही. मद्याने मात्र हे कडे सैल होते, हे निश्चित.

आणि मग तंबाखू. ज्या पिकावर निपाणी भागातील हजारो चुली पेटल्या, ज्याच्या भावासाठी १९८१ साली शेतकऱ्यांनी निपाणीजवळ महामार्ग अडवून धरला आणि गोळीबारात प्राणही गमावले, त्या पिकाविषयी सहज चार कठोर शब्द लिहून मोकळे होणे आम्हांस जमत नाही. तथापि सत्य हे की, तंबाखूतील निकोटिन हे कडे सैल करते. त्यातच धूम्रपानाने लाळ कमी होते. आणि वर आलेले आम्ल धुऊन शमविणारे निसर्गाचे पहिले औषध म्हणजे आपली लाळच. विडी ओढणाऱ्यासच हे लागू आहे असे नव्हे. तळहातावर मळलेली तंबाखू असो की दातांस लावलेली मिसरी असो, निकोटिन रक्तात जातेच.

या संदर्भात एका माउलीची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. ती बिड्या वळून संसार चालवी. मांडीवर सूप घेऊन, पाठ वाकवून, दिवसाचे नऊ-दहा तास बैठक. भूक लागली की चहा आणि मिसरी. पाठीच्या दुखण्यावर ती दुकानातून सुटी वेदनाशामक गोळी आणी. त्या गोळीने पोटात जळू लागले, म्हणून पित्ताची गोळी. चक्कर येऊ लागली, म्हणून लोहाच्या गोळ्या. शौचास काळे होऊ लागले, तेव्हा कोणीतरी सांगितले की लोहाच्या गोळीने तसे होतेच. ते खोटेही नव्हते. परंतु तिच्या बाबतीत जठरातील व्रणातून रक्त झिरपत होते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी, विशेषतः उपाशीपोटी व वारंवार घेतल्यास, असे व्रण होऊ शकतात. तीन गोळ्यांनी एकमेकींची चूक झाकली, आणि खरे दुखणे कित्येक महिने कोणास दिसलेच नाही. आता तिची प्रकृती बरी आहे. पण वेदनाशामकाची ती सुटी गोळी वेळीच बंद झाली असती तर दुसऱ्या दोन गोळ्या बहुधा लागल्याच नसत्या.

स्वयंपाकघरातील उपाय

घरगुती उपायांविषयी लोक आम्हांस फार विचारतात. थंड दूध प्यायल्याने घटकाभर बरे वाटते हे खरे. परंतु दुधातील प्रथिने व कॅल्शियम यांनी जठरात थोड्या वेळाने पुन्हा आम्ल सुटते. म्हणून रात्री निजताना पेलाभर दूध हा उपाय आपण समजतो तितका गुणकारी नाही. जिरे वा बडीशेप चघळल्याने लाळ सुटते आणि अपाय काही नाही. गोळी-सोड्याची बाटली फोडून प्यायल्याने ढेकर येतो व मोकळे वाटते, पण त्या वायूने जठर फुगते आणि कडे पुन्हा उघडते. ज्येष्ठमधाने काहींना आराम पडतो; तथापि ते दीर्घकाळ पुष्कळ घेतल्यास रक्तदाब वाढतो, हे रक्तदाबाच्या रोग्यांनी विसरू नये.

खाण्याचा सोडा चिमूटभर पाण्यात घालून पिणे हा आजीचा उपाय. तो आम्ल शमवितो यात शंका नाही. परंतु सोड्याच्या एका ग्रॅममध्ये सुमारे २७० मिलिग्रॅम सोडियम असते. अर्धा चहाचा चमचा सोडा म्हणजे ६०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम, आणि दिवसभरात सर्व अन्न मिळून २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. फसफसणाऱ्या पुड्यांतही मुख्यतः हाच सोडा व लिंबाचे आम्ल असते. ज्यास रक्तदाब, हृदयाचा दुबळेपणा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्याने, तसेच गर्भवतीने, या वाटेस जाऊ नये.

दुकानात मिळते ते काय?

औषधाच्या दुकानात पित्तावरची म्हणून जी औषधे मिळतात त्यांचे ढोबळ चार वर्ग आहेत. त्यांचा स्वभाव भिन्न आहे आणि उपयोगही भिन्न.

पहिला वर्ग आम्ल शमविणाऱ्या औषधांचा. इनोसारख्या पुड्या या वर्गातल्याच. आणि जेलुसिल, डायजीन यांसारख्या गुलाबी वा पांढऱ्या पातळ औषधांत व चघळण्याच्या गोळ्यांत मॅग्नेशियम व अ‍ॅल्युमिनियम यांचे क्षार असतात. आराम काही मिनिटांत पडतो, पण उपाशीपोटी घेतल्यास अर्धा-एक तासच टिकतो. जेवणानंतर तासाभराने घेतल्यास अधिक वेळ टिकतो. मॅग्नेशियमने शौचास पातळ होते, अ‍ॅल्युमिनियमने अवरोध होतो, म्हणून दोहोंची जोडी लावतात. ही औषधे इतर औषधांस आतड्यात शोषू देत नाहीत. म्हणून लोहाची गोळी किंवा काही प्रतिजैविके यांच्यात व यांच्यात निदान दोन तासांचे अंतर असावे. थायरॉइडच्या गोळीशी चार तासांचे. मूत्रपिंडाच्या रोग्याने ती डॉक्टरांस विचारूनच घ्यावीत.

दुसरा वर्ग अल्जिनेटांचा. समुद्रातील तपकिरी शेवाळापासून काढलेला हा पदार्थ जठरात जाऊन फेसाळ तराफ्यासारखा अन्नावर तरंगतो आणि आम्लास वर येऊ देत नाही. जेवणानंतर आणि निजण्यापूर्वी तो घ्यावयाचा असतो. गर्भारपणीच्या जळजळीत डॉक्टर पुष्कळदा हाच प्रथम सुचवितात.

तिसऱ्या वर्गातील औषधे जठरातील पेशींस मिळणारी आम्ल सोडण्याची एक आज्ञाच अडवितात. जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञाच्या संशोधनातून या वर्गातील सिमेटिडिन हे औषध १९७६ साली इंग्लंडात प्रचारात आले, आणि १९८८ साली त्यांस नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. आज फॅमोटिडिन हे या कुळातील प्रमुख औषध. त्याचा गुण येण्यास अर्धा ते एक तास लागतो, पण तो दहा-बारा तास टिकतो. सतत घेतल्यास मात्र गुण उणावत जातो. याच कुळातील रॅनिटिडिन आपल्याकडे घरोघर माहीत आहे. त्यात एनडीएमए नावाचे, कर्करोगास कारण होऊ शकेल असे अशुद्ध द्रव्य आढळल्यावरून अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने एप्रिल २०२० मध्ये ते बाजारातून मागे घेण्यास सांगितले, आणि २०२२ साली भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ते वगळण्यात आले. ज्यांच्या फडताळात जुनी पट्टी अजून आहे त्यांनी घाबरून जाऊ नये. परंतु पुढची पट्टी घेण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे.

चौथा वर्ग सर्वांत बलवान. ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल ही त्यांतील नावे. आम्ल बाहेर टाकणारा पेशीतील पंपच ही औषधे बंद पाडतात. हा पंप अन्न आल्यावर जागा होतो, म्हणून गोळी न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास घ्यावयाची असते. जेवल्यावर जळू लागले म्हणून ती तोंडात टाकणे व्यर्थ. पूर्ण गुण येण्यास एक ते चार दिवस लागतात. ज्यास आता या क्षणी आराम हवा, त्याच्यासाठी ही गोळी नाहीच.

चौदा दिवसांचा नियम

परदेशांत जेथे ओमेप्रॅझोल चिठ्ठीवाचून विकण्यास परवानगी आहे, तेथे पाकिटावर स्पष्ट लिहिलेले असते: रोज एक गोळी, चौदा दिवस, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून चार महिन्यांच्या आत पुन्हा नाही. आपल्याकडे चिठ्ठीविना विकावयाच्या औषधांचा असा स्वतंत्र वर्ग कायद्याने नीट आखलेला नाही. या गोळ्यांच्या पट्टीवर चिठ्ठीची खूण छापलेली असते, पण चिठ्ठी मागतो कोण? आम्ही अशी माणसे पाहिली आहेत की, ज्यांनी एकदा कोणी लिहून दिलेली गोळी सहा सहा वर्षे सकाळच्या चहासारखी चालू ठेवली आहे.

दीर्घकाळ ही औषधे घेतल्यास काहींच्या शरीरात ब-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम उणे होते. हाडे मोडण्याचा व आतड्यांतील काही जंतुसंसर्गांचा धोका किंचित वाढलेला आढळतो. शिवाय एकाएकी बंद केल्यास काही दिवस आम्ल पूर्वीपेक्षा जोराने सुटते, आणि रोग्यास वाटते की गोळीवाचून आपले चालणारच नाही. याचा अर्थ ती वाईट औषधे आहेत असा मुळीच नव्हे. व्रण, अन्ननलिकेची सूज किंवा अन्य कारणासाठी डॉक्टरांनी जाणूनबुजून दिली असतील तर हा लेख वाचून कोणीही ती बंद करू नयेत. उलट बंद करणे धोक्याचे ठरेल. प्रश्न फक्त एवढा विचारावा: "डॉक्टर, ही गोळी मला कशासाठी आहे आणि किती दिवस?"

आणखी एक सूचना. याच गोळीच्या नावापुढे 'डी' हे अक्षर असलेल्या ज्या कॅप्सूल सर्रास मागितल्या जातात, त्यांत पुष्कळदा डोम्पेरिडोन हे दुसरे औषध मिसळलेले असते. ते मुळात ओकारी थांबविण्याचे. काही लोकांत त्याने हृदयाच्या ठोक्यांचा ताल बिघडू शकतो, म्हणून युरोपातील औषध-नियामकांनी २०१४ साली त्याच्या वापरावर मर्यादा घातल्या. साध्या जळजळीसाठी दुकानदारास "एक डीवाली द्या" असे सांगण्यापूर्वी हे आठवावे.

गोळीवाचूनचे उपाय

जे उपाय खरोखर कड्यास साहाय्य करतात त्यांस पैसा लागत नाही. रात्रीचे जेवण निजण्यापूर्वी तीन तास आटोपावे आणि ते हलके असावे. रात्री त्रास होत असेल तर पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा वा लाकडी ठोकळे देऊन ती बाजू पंधरा ते वीस सेंटिमीटर उंच करावी. नुसत्या उशा वाढवू नयेत; त्याने मान वर होते आणि पोट दुमडते. डाव्या कुशीवर निजावे. जठराची ठेवणच अशी आहे की त्या कुशीवर आम्ल तोंडापासून दूर राहते. वजन वाढले असेल तर ते चार-पाच किलोंनी उतरले तरी फरक जाणवतो. कोणत्या पदार्थाने आपणांस त्रास होतो याची आठ दिवस टिपण करावी आणि तेवढेच सोडावेत. सगळेच सोडून मठातील जेवण जेवण्याची गरज नाही. विडी, तंबाखू व मिसरी यांचे काय करावे हे आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही. सोडणे कठीण आहे हेही आम्ही जाणतो. एकट्याने न सुटल्यास डॉक्टरांचे साहाय्य मागावे.

जेव्हा पुडी बाजूस ठेवावी

काही खुणा अशा आहेत की, त्या दिसल्यास दुकानाकडे न जाता डॉक्टरांकडे जावे. घास गिळताना अडकणे वा दुखणे, कारणावाचून वजन घटणे, ओकारीत रक्त वा कॉफीच्या चोथ्यासारखे काळे पडणे, शौचास डांबरासारखे काळे होणे, रक्त कमी असल्याचे आढळणे, वारंवार ओकाऱ्या, पन्नाशीनंतर प्रथमच जळजळ सुरू होणे, किंवा दोन आठवडे औषध घेऊनही आराम नसणे. या खुणांमागे व्रण असू शकतो, आणि क्वचित अन्ननलिकेचा वा जठराचा कर्करोगही. ज्या भागात तंबाखू इतकी खाल्ली व ओढली जाते, तेथे गिळताना अडकणे ही खूण कोणी अंगावर काढू नये.

व्रण म्हणजे चिंतेचे वा तिखटाचे फळ, असे पूर्वी डॉक्टरही मानीत. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी जठरात राहणारा एक जंतू शोधून काढला. पुढे १९८४ साली मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन जठराची सूज ओढवून घेतली, आणि २००५ साली दोघांस नोबेल पारितोषिक मिळाले. आज असे कित्येक व्रण प्रतिजैविकांसह काही दिवसांच्या उपचाराने कायमचे बरे होतात. तपासणीची भीती बाळगून वर्षानुवर्षे सोडा पिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. छातीवर ओझे ठेवल्यासारखे दडपण, घाम, धाप, मळमळ, डाव्या हातात, खांद्यात, पाठीत वा जबड्यात जाणारी कळ, किंवा चालल्याने वाढणारी व थांबल्याने उणावणारी जळजळ, यांपैकी काहीही असल्यास ते पित्त मानू नये. मधुमेह्यांत आणि स्त्रियांत तर हृदयविकार नुसती मळमळ, थकवा व जळजळ असे सोंग घेऊनही येतो. सोडा घेऊन ढेकर आला आणि बरे वाटले, म्हणून हृदय निर्दोष आहे असे सिद्ध होत नाही. हे आम्ही फार महाग किंमत देऊन शिकलो, आणि ती किंमत दुसऱ्याने भरली. अशा वेळी १०८ या क्रमांकावर फोन करावा. कर्नाटकात २००८ पासून ही सेवा आहे आणि महाराष्ट्रातही क्रमांक तोच. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, बेळगाव तवंदी घाट ओलांडून सुमारे ७५. कोणीकडे न्यावे यावर उंबऱ्यात वाद न घालता, हृदयाचा आलेख जेथे प्रथम निघेल अशा जवळच्या इस्पितळात आधी जावे. तपासून हृदय निर्दोष असल्याचे डॉक्टरांनी सांगितले तर हसत घरी यावे. "उगाच धावपळ केली" असे कोणी म्हणाल्यास खुशाल म्हणू द्यावे.

ते दिवाणजी आजही रविवारी येतात. पूर्वी ते पुढच्या बाकावर असत. आता दारातून तेथवर चालताना दम लागतो, म्हणून शेवटच्या बाकावर बसतात. त्यांनी आम्हांस कधी एका शब्दाने दोष दिला नाही. उलट एकदा हसून म्हणाले, "फादर, तुमच्या खणात अजून पुडी आहे का?" आम्ही खण उघडून दाखविला. पुडी आहे. पण तिच्यावर आम्ही कागदाची एक चिठ्ठी डकवून ठेवली आहे. तिच्यावर तीनच प्रश्न लिहिलेले आहेत: घाम आहे का? दम लागतो का? कळ हातात, पाठीत वा जबड्यात जाते का? तिन्हींचे उत्तर 'नाही' आले तरीही वय आणि जुनी दुखणी विचारल्यावाचून आम्ही पुडी फोडीत नाही. आणि एकाचेही उत्तर 'होय' आले तर पुडी खणातच राहते व आम्ही फोन हाती घेतो. वाचकांनी आपल्या फडताळातील बाटलीवर अशीच एक चिठ्ठी आज रात्रीच डकवावी, एवढीच विनंती.